यादीतले नाव

निवृत्त माणसांच्या कट्ट्यावर राजकारणाचा विषय निघाला की त्याची वाट बहुधा ठरलेली असते : पूर्वीचे पुढारी, पूर्वीच्या सभा, पूर्वीची संसद आणि मग आजचा ऱ्हास. या तक्रारीत तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि १९७१ साली पहिले मत दिलेल्या आमच्या पिढीला राष्ट्रीय राजकारणाचा इतिहास पक्षांच्या आणि पंतप्रधानांच्या क्रमाने सांगण्याची सवय जडली आहे, आणि त्या क्रमात खुद्द मतदार कोठेच दिसत नाही. तो दिसतो एका अत्यंत नीरस दस्तऐवजात, म्हणजे मतदारयादीत. साहित्याच्या अभ्यासकांनी संहिता म्हणून वाचावा, असा हा दस्तऐवज आहे.

इंग्रजी अमदानीतल्या १९३५ च्या कायद्यानुसार मताचा अधिकार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर अवलंबून होता. पुष्कळ स्त्रियांना तो मिळे, तो पतीच्या पात्रतेच्या आधारे. म्हणजे अमुक एकाची पत्नी म्हणून. स्वतंत्र भारताने ही चौकट मोडली. विशेष म्हणजे राज्यघटना अमलात येण्याची वाट न पाहता, संविधान सभेच्या सचिवालयाने १९४८ पासूनच प्रौढ मताधिकाराच्या याद्यांचे काम हाती घेतले होते. राज्यघटनेचा मसुदा पुरा होण्याआधीच माणसांची नावे मतदार म्हणून कागदावर येऊ लागली होती.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांची संख्या १७ कोटींच्या वर होती आणि १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली गेली आणि पेटीवर त्याचे चिन्ह लावले गेले. अक्षर न वाचता मत देता येईल, अशी ही सोय होती. यादीत येण्यासाठी मात्र नाव हवे होते, आणि पेच पडला तो नेमका तेथे. उत्तरेकडील अनेक प्रांतांत घरोघरी गेलेल्या नोंदणी कर्मचाऱ्यांना स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. कोणी अमक्याची आई म्हणून, कोणी तमक्याची बायको म्हणून नोंदली गेली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे, खरे तर त्यांची नावे नसलेल्या नोंदी, यादीतून वगळल्या गेल्या.

हा निर्णय कठोर होता. २८ लाख स्त्रियांचे त्या वेळचे मत बुडाले, हे विसरता येत नाही. तरीही त्यामागचे तत्त्व आम्हांस मोलाचे वाटते. प्रजासत्ताकाला कुटुंबप्रमुखाकडून कुटुंबाचे मत नको होते; त्याला एकेका व्यक्तीशी बोलायचे होते. मराठी वाचकाला या प्रसंगाचा अर्थ सहज उमगेल. आपल्याकडे पतीचे नाव घ्यायचे तर उखाण्याचा आडोसा लागे, आणि बाईचे स्वतःचे माहेरचे नाव लग्नाच्या दिवशीच पालटून टाकले जाई. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले होत्या. एका आयुष्यात दोन नावे, आणि दोन्ही दुसऱ्यांनी ठेवलेली! अशा समाजात सरकारी माणसाने दाराशी उभे राहून बाईला ‘तुमचे स्वतःचे नाव काय?’ असे विचारणे, ही लहान घटना नव्हती.

पुढचा प्रवास आकड्यांतून वाचता येतो. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचे मतदान सुमारे ६३ टक्के होते, तर स्त्रियांचे सुमारे ४७. २०१९ साली स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक भरले. ही सोळा टक्क्यांची दरी कोणा एका पक्षाने वा पुढाऱ्याने बुजवली नाही, म्हणूनच कट्ट्यावरच्या इतिहासात तिला जागा नसते.

आमच्या पिढीचा मानबिंदू १९७७. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी आणीबाणीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली होती. निवडणूक लागल्यावर पु. ल. देशपांडे प्रचारसभांतून बोलले. लेखकाच्या शब्दाला त्या दिवसांत वजन होते. पण रायबरेलीत इंदिरा गांधींचा पराभव झाला, तो यादीतील अनाम माणसांच्या शिक्क्याने. जानेवारी १९८० मध्ये त्याच मतदाराने काँग्रेसला ३५३ जागा देऊन त्यांना परत आणले. आमच्यातील अनेकांना पहिला निकाल शहाणपणाचा वाटला आणि दुसरा विस्मरणाचा. वस्तुतः दोन्ही वेळा मतदाराने एकच अधिकार वापरला : सरकार बदलण्याचा. निकाल आवडला तर ‘जनता’ आणि नावडला तर ‘जमाव’, हा भेद आपण करतो. यादी करत नाही.

म्हणूनच यादीला हात लागतो तेव्हा मोठ्या घोषणांपेक्षा तिकडे लक्ष असावे. जून २०२५ मध्ये बिहारात मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. १ ऑगस्टच्या मसुदा यादीत पूर्वीच्या यादीतील सुमारे ६५ लाख नावे नव्हती. मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद अशी कारणे आयोगाने दिली. विरोधकांनी त्यांवर शंका घेतली. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. यादी शुद्ध असावी, याविषयी दुमत नाही. पण नाव गाळायचे तर ते कोणाचे आणि का, हे उघडपणे सांगितले पाहिजे. १९५१ साली स्त्रीला नाव सांगण्याचा आग्रह राज्याने धरला होता. नाव काढताना तसाच आग्रह राज्यापाशी धरण्याचा हक्क मतदाराला आहे.

हिमाचलातील चिनी, म्हणजे आजचे कल्पा, येथे बर्फ पडण्यापूर्वी, २५ ऑक्टोबर १९५१ रोजी मतदान झाले आणि श्याम सरन नेगी नावाच्या शाळामास्तरांनी मत दिले. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ते ओळखले जात. २ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांनी घरूनच टपाली मत दिले आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर ८५ वर्षांवरील मतदारांना घरी मतदानाची सोय देशभर झाली. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी कर्मचारी बाईच्या दाराशी जाऊन तिच्या नावाविना परतला होता. आता तो मतपत्रिका घेऊन म्हातारीच्या दाराशी येतो आणि तिला तिच्या नावाने हाक मारतो. आमच्या हयातीतील राजकारणाचा हिशेब मांडताना जमेच्या बाजूस आम्ही ही हाक प्रथम लिहू, आणि ती कोणत्याही दारावर थांबू नये, एवढे पाहणे हे उरलेल्या वर्षांचे काम समजू.