गॅसचं बिल कोण भरतं?

जुलै १९९२. नीस्टर नदीवर, बेंडेरच्या पुलावर तुम्ही उभे आहात. राज्यशास्त्राची पदवी नवीकोरी, बगलेत रशियन शब्दकोश. गेल्याच महिन्यात या शहरात रस्त्यारस्त्यांवर लढाई झाली. सोव्हिएत संघ बुडाला, पण त्याचं चौदावं लष्कर नदीच्या डाव्या तीरावर तसंच राहिलंय. २१ तारखेला मॉस्कोत रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन आणि मोल्दोव्हाचे अध्यक्ष स्नेगूर करारावर सह्या करतात. मग पहाऱ्याला तिघं येतात: रशियाचे जवान, मोल्दोव्हाचे आणि मोल्दोव्हातून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्ट्रियाचे. कालपरवा एकमेकांवर गोळ्या झाडणारे आज एकमेकांकडे काडेपेटी मागताहेत. तुमच्या प्रबंधाचा विषय इथेच ठरतो.

पहिली काही वर्षं तुम्ही शस्त्रं मोजता. सुरक्षा अभ्यासकाला दुसरं काय शिकवलेलं असतं! ट्रान्सनिस्ट्रियातल्या कोबास्ना गावच्या कोठारात सुमारे २०,००० टन दारूगोळा. १९९९ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत रशिया कबूल करतो, की २००२ अखेर सैन्य काढून घेऊ. काढत नाही. २००३ च्या नोव्हेंबरात रशियाचा तोडग्याचा मसुदा सहीच्या उंबरठ्यावर येतो आणि मोल्दोव्हाचे अध्यक्ष वोरोनिन ऐनवेळी माघार घेतात. परिषदा होत राहतात, कॉफी तेवढी चांगली मिळते.

आता १९ नंबरच्या ट्रॉलीबसमध्ये बसा. ती बेंडेरहून तिरास्पोलला जाते, म्हणजे जगानं मान्य न केलेल्या देशाच्या राजधानीला. नाक्यावर पासपोर्टवर शिक्का नाही, नुसता एक कागद. खिडकीबाहेर संसदेसमोर लेनिन उभा, आणि पेट्रोल पंपापासून सुपरमार्केटपर्यंत एकाच कंपनीची पाटी: 'शेरीफ'. २०१४ मध्ये आलात तर सुटे पैसे प्लास्टिकचे मिळतील. एक रुबल गोल, तीनचा चौकोनी, पाचचा पंचकोनी, दहाचा षट्कोनी. हातात घेतले की कॅरमच्या सोंगट्या वाटतात, पण भाजीवाली बिनदिक्कत घेते.

इथे तुमचा प्रबंध वळण घेतो. असल्या लढाया सुटत नाहीत, कारण न सुटण्यात अनेकांचं पोट आहे, हे अभ्यासक चार्ल्स किंग यांनी २००१ मध्येच मांडलं होतं. तुम्हाला ते ट्रान्सनिस्ट्रियातल्या कुचुर्गानच्या वीजकेंद्रात दिसतं. गॅस रशियाचा, ट्रान्सनिस्ट्रिया त्याचे पैसे रशियाला देत नसे. गिऱ्हाइकांकडून वसूल झालेला पैसा तिथल्याच तिजोरीत जायचा, थकबाकी मात्र मोल्दोव्हाच्या गॅस कंपनीच्या खात्यावर चढायची, अब्जावधी डॉलरची. त्या गॅसवर केलेली वीज विकत कोण घ्यायचं? मोल्दोव्हा! म्हणजे ज्यांच्याशी लढाई झाली, त्यांच्याच विजेवर मोल्दोव्हाच्या राजधानीतले, किशिनाउतले दिवे वर्षानुवर्षं जळत राहिले. दोन्ही तीरांवर ओरड भरपूर, तार कुणीच तोडली नाही.

२०२२ मध्ये रशिया युक्रेनवर हल्ला करतो आणि ट्रान्सनिस्ट्रियाची पूर्वेकडची, युक्रेनलगतची सीमा बंद होते. पत्रकार तुम्हाला फोनवर विचारतात, इथे युद्ध पेटेल का? तुमचं लक्ष पाइपलाइनवर आहे.

१ जानेवारी २०२५. युक्रेनमार्गे येणारा रशियन गॅस थांबतो. तिरास्पोलमध्ये घराघरांतले रेडिएटर गार पडतात, कारखाने बंद होतात, वीज तासन्‌तास जाते, वीजकेंद्र कोळशावर चालवावं लागतं. अभ्यासकांनी तीस वर्षं ज्या फौजेची मोजदाद केली, तिला यात बोटही हलवावं लागलं नाही. फेब्रुवारीत गॅस पुन्हा सुरू झाला. रशियाचे सुमारे दीड हजार सैनिक तिथेच आहेत.