शरणपूरचे आफ्रिकन अनाथालय

नाशिकच्या जुन्या गावठाणाच्या पश्चिमेला शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती आहे. 1860 ते 1875 या काळात तेथे एक अनाथालय चालत होते. त्यातली मुले महाराष्ट्रातली किंवा भारतातली नव्हती. पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून पळवून नेलेली, गुलाम म्हणून विकलेली आणि भर समुद्रात इंग्रजी आरमाराने सोडवलेली ही मुले मुंबईमार्गे नाशिकला पोचली होती. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने त्यांचा सांभाळ केला, त्यांना शिकवले, हाताला धंदा दिला. पुढे त्यांच्यातले बरेच जण आफ्रिकेला परतले आणि तेथे शिक्षक, कारागीर, दुभाषे व धर्मगुरू झाले. पूर्व आफ्रिकेच्या आधुनिक इतिहासातील काही महत्त्वाची माणसे अशा रीतीने गोदावरीच्या काठी वाढली.

गुलामांचा व्यापार आणि मुंबई

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापाराचे केंद्र झांजिबार बेट होते. न्यासा सरोवराच्या आसपासच्या प्रदेशात गावांवर धाडी पडत. पकडलेल्या माणसांच्या तांड्यांना किल्व्यासारख्या बंदरांपर्यंत चालवत नेले जाई आणि तेथून गलबतांत कोंबून झांजिबार, अरबस्तान व इराणच्या आखाताकडे रवाना केले जाई. याओ, मकुआ, न्यासा अशा अनेक जमातींची माणसे या व्यापारात भरडली गेली. लहान मुलांना मागणी मोठी होती, कारण ती पळून जाण्याची भीती कमी आणि नव्या घरात रुळण्याची शक्यता अधिक.

ब्रिटनने 1807 मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. मस्कत व झांजिबारच्या राज्यकर्त्यांशी 1822 आणि 1845 मध्ये तह करून या व्यापारावर मर्यादा आणल्या. त्यांच्या आधारे इंग्रजी लढाऊ जहाजे अरबी समुद्रात संशयित गलबतांची झडती घेत. पण पकडलेल्या गलबतातील माणसांचे पुढे काय करायचे, याचे उत्तर तहांत नव्हते. मुलांना आपल्या गावाचे नाव सांगता आले तरी ते कोठे आहे हे कोणाला ठाऊक नसे आणि किनाऱ्यावर उतरवल्यास ती पुन्हा विकली जाण्याची भीती असे. म्हणून सोडवलेली माणसे एडन, सेशेल्स, मॉरिशस आणि मुंबई येथे उतरवली जात. मुंबईत पोलीस त्यांचा ताबा घेत. मोठ्या माणसांना जहाजांवर व गोदीत काम मिळे. मुलांना निरनिराळी कुटुंबे आणि मिशन संस्था यांच्याकडे सोपवले जाई.

महाराष्ट्राला आफ्रिकी माणूस नवा नव्हता. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांचा दरारा दख्खनने पाहिला होता. नाशिकला आलेल्या या मुलांपाशी मात्र तलवार, पद किंवा पाठीराखा यांपैकी काहीच नव्हते.

मुंबईहून नाशिकला

मुंबईत या मुलांची काळजी वाहणाऱ्यांत जर्मन मिशनरी चार्ल्स विल्यम आयझेनबर्ग हे प्रमुख होते. त्यांनी पूर्वी अॅबिसिनियात (आजच्या इथिओपियात) काम केले होते आणि अम्हारिक भाषेचा कोश तयार केला होता. आफ्रिकी भाषांची जाण असलेला असा माणूस त्या वेळी मुंबईत विरळाच. तरीही गजबजलेल्या बंदराच्या गावात मुलांना ठेवणे सोयीचे नव्हते.

नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे 1832 पासून होते. 1850च्या दशकात रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर शरणपूर वसवले. धर्मांतरानंतर जातीने वाळीत टाकलेल्या, घर आणि पोटापाण्याचा धंदा गमावलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना आसरा मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. चर्च, शाळा, अनाथ मुलांची घरे, कारखाने आणि शेती असे त्या वस्तीचे स्वरूप होते. 1860 मध्ये मुंबईतील आफ्रिकी मुलांना येथे आणण्यात आले. मुंबई सरकार त्यांच्या खर्चासाठी अनुदान देई. शिक्षण व देखरेख मिशनकडे होती. प्राइस इंग्लंडला गेले असताना आयझेनबर्ग यांच्या मुलाने, धाकट्या चार्ल्स आयझेनबर्ग यांनी, संस्थेचा कारभार सांभाळला.

शिक्षण आणि दिनक्रम

शरणपूरच्या दिवसाचे दोन भाग होते: अक्षरांचा आणि कामाचा. शाळेत वाचन, लेखन, हिशेब आणि बायबलचे पाठ होत. कारखान्यात मुलगे सुतारकाम, लोहारकाम आणि गवंडीकाम शिकत; काहींना शेतीचे काम मिळे. मुलींना शिवणकाम, स्वयंपाक आणि घरकाम शिकवले जाई. प्रार्थना आणि रविवारची उपासना हा दिनक्रमाचा पाया होता. मुलांचा बाप्तिस्मा होई आणि वयात आल्यावर संस्थेतल्याच मुलामुलींची लग्ने लावली जात.

हाताच्या धंद्यावरचा भर मिशनच्या अनुभवातून आला होता. अनाथ मूल मोठे झाल्यावर त्याच्यामागे शेत, घर, नातेगोते, जात यांपैकी कोणताच आधार नसतो. हातात कसब असेल तरच ते स्वतःच्या पायावर उभे राहील, हे मिशनऱ्यांना कळले होते. रेल्वे आणि बांधकामे यांच्या त्या काळात सुतार-लोहारांना काम सहज मिळे. म्हणून सागवान आणि ऐरणीची ओळख या मुलांना पुस्तकाबरोबरच झाली.

भाषांचा प्रवास अधिक गुंतागुंतीचा होता. निरनिराळ्या जमातींतून आलेल्या मुलांना सुरुवातीला एकमेकांचेही बोलणे समजत नसे. आजूबाजूला मराठी आणि हिंदुस्तानी, शाळेत इंग्रजी अशा वातावरणात ती वाढली. किती तरी जणांनी मायबोली काही प्रमाणात टिकवली आणि हेच बहुभाषीपण पुढे त्यांच्या उपयोगी पडले.

मुलांना नवी नावे मिळाली. प्राइस, आयझेनबर्ग, फरार अशी मिशनऱ्यांची आडनावे त्यांच्या नावांमागे लागली. आईवडिलांनी ठेवलेले नाव बहुतेकांच्या बाबतीत नोंदींतून कायमचे पुसले गेले. सांभाळणाऱ्यांचा जिव्हाळा खरा होता आणि हे नुकसानही खरे होते. या संस्थेचा इतिहास सांगताना दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

लिव्हिंगस्टनचे सोबती

शरणपूरचे नाव जगभर पोचले ते आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्यामुळे. आफ्रिकेतील शेवटच्या मोहिमेच्या तयारीसाठी 1865 मध्ये ते मुंबईत आले आणि नाशिकच्या अनाथालयातून त्यांनी नऊ तरुण निवडले. चुमा आणि विकाटानी या दोन याओ मुलांना त्यांनी आदल्या वर्षी मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ठेवले होते. त्यांनाही बरोबर घेतले. जानेवारी 1866 मध्ये हा ताफा मुंबईहून झांजिबारला निघाला.

मोहीम अतिशय खडतर निघाली. नाशिकच्या तरुणांपैकी एक जण आजाराने वाटेत मागे राहिला आणि वारला, एक बाण लागून मारला गेला, काही जण लिव्हिंगस्टनना सोडून गेले. त्यांच्या कामाबद्दल लिव्हिंगस्टन यांनी रोजनिशीत वारंवार नाराजी नोंदवली आहे. एडवर्ड गार्डनर मात्र शेवटपर्यंत राहिला. 1872 मध्ये नाशिकच्या तरुणांची आणखी एक तुकडी त्यांना जाऊन मिळाली. तिच्यात जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फरार हे होते.

1 मे 1873 रोजी, आजच्या झांबियातील चितांबो या गावी, लिव्हिंगस्टन मृतावस्थेत आढळले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथे झाडाखाली पुरले. त्या वेळी जेकब वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर मृत्यूचा लेख कोरला. नंतर मीठ लावून वाळवलेला देह खांद्यावर घेऊन मोहिमेतला जुना सोबती सुसी, चुमा आणि त्यांचे साथीदार अनेक महिने चालत राहिले. आजार, लढाया आणि मृतदेहाविषयीची वाटेतल्या लोकांची भीती या सर्वांतून मार्ग काढत फेब्रुवारी 1874 मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले. देहाबरोबर इंग्लंडला जाण्याचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीने फक्त वेनराइटसाठी केला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. या परतीच्या प्रवासाची त्याने लिहिलेली रोजनिशी हा त्या घटनेचा आफ्रिकी साक्षीदाराच्या हातचा दस्तऐवज आहे. नाशिकच्या शाळेत गिरवलेल्या अक्षरांनी तो लिहिला गेला.

मोंबासाकडे परत

आफ्रिकेला परतण्याची सुरुवात याआधीच झाली होती. 1864 मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड यांना मोंबासाजवळच्या राबाई येथे, जर्मन मिशनरी योहान रेबमान यांच्या मदतीला पाठवण्यात आले होते.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यामुळे या हालचालीला मोठे रूप आले. 1873 मध्ये ब्रिटिश सरकारचे दूत म्हणून ते झांजिबारला गेले. त्याच वर्षी 5 जूनला सुलतान बरगश याने गुलामांचा सागरी व्यापार आणि गुलामांचे बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. सुटका झालेल्यांसाठी आफ्रिकेतच वसाहत उभारावी आणि नाशिकच्या तरुणांची तीत मदत घ्यावी, असा फ्रिअर यांचा आग्रह होता. हे काम प्राइस यांच्याकडे आले. ते 1874 मध्ये मोंबासाला गेले आणि पुढच्या वर्षी बेटासमोरच्या मुख्य भूमीवर फ्रिअरटाउन उभे राहिले. शरणपूरची आफ्रिकी मंडळी तिकडे हलवण्यात आली आणि नाशिकचे आफ्रिकन अनाथालय बंद झाले.

मोंबासात या लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ हे नाव पडले. घरे बांधणे, शाळा चालवणे, दुभाष्याचे काम करणे, उपासना घेणे या सर्वांत त्यांचा मोठा वाटा होता. 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेम्लर यांना डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा मागे राहिलेला काफिला जोन्स यांनी किनाऱ्यावर परत आणला.

युरोपीय मिशनऱ्यांशी त्यांचे संबंध नेहमी सलोख्याचे नव्हते. शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या या माणसांनी पगार, हुद्दा आणि वागणूक यांत बरोबरीची अपेक्षा धरली. ती अनेक मिशनऱ्यांना उद्धटपणाची वाटली. ज्यांना स्वतंत्र माणूस म्हणून वाढवले, त्यांना सहकारी म्हणून स्वीकारणे या मिशनऱ्यांना जमले नाही.

जोन्स यांच्या देखरेखीखालील राबाई हे पळून आलेल्या गुलामांचे आश्रयस्थान बनले. मालकांनी त्यांना परत मागितले, तंटे वाढले. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि 1 जानेवारी 1889 रोजी मिशनच्या ठाण्यांवरील सुमारे 1,400 माणसे कायदेशीररीत्या स्वतंत्र झाली. लहानपणी स्वतः गुलामीतून सुटलेल्या माणसाने इतरांना दिलेला हा आसरा शरणपूरच्या इतिहासातील सर्वांत उजळ प्रकरण आहे.

मराठी मुलखातील पुढची अनाथालये

आफ्रिकी मुले गेली, पण सांभाळ, शाळा आणि हाताचा धंदा यांची सांगड घालणारी अनाथालये मराठी मुलखात पुढे वाढत गेली. त्यांचे कारण समुद्रापलीकडचे नव्हते; ते दुष्काळ होते. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत आणि दख्खन होरपळले. मध्य प्रांतातला तेव्हाचा भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. कोहळी समाजाने बांधलेले नवेगाव बांधसारखे तलाव त्या वेळी त्याची शान होते. पाऊसच दगा देतो तेव्हा तलावही भरत नाहीत आणि धान करपते. या जिल्ह्याची लोकसंख्या 1891 मध्ये 7,42,850 होती, ती 1901 मध्ये 6,63,062 वर आली. या आकड्यांमागे असंख्य पोरकी मुले होती. नागपूरच्या स्कॉटिश मिशनचे ठाणे भंडाऱ्यातही होते. 1897 मध्ये पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात फिरून सुमारे 300 मुली-स्त्रियांना आणले आणि त्यांतूनच केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार झाला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने अनाथ मुलांना विणकाम, सुतारकाम शिकवले. शेजारच्या छत्तीसगडातील धमतरीला अमेरिकन मेनोनाइट मिशनची सुरुवातच 1899 च्या दुष्काळात झाली.

शरणपूरला न उठलेला एक प्रश्न या वेळी उघडपणे पुढे आला: अनाथ मुलाचा धर्म कोणी ठरवायचा? लाला लजपत राय आणि आर्य समाजाने मध्य प्रांतातील अनाथ हिंदू मुलांना पंजाबात नेऊन सांभाळले. दुष्काळ आयोगासमोर हा विषय मांडला. मुलाचे नातलग आणि त्याचा समाज यांचा आधी शोध घ्यावा, ही मागणी न्याय्य होती. स्वातंत्र्यानंतर अनाथालयांवर देखरेखीचा कायदा 1960 मध्ये झाला आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याने मुलाचे हित, त्याच्या कुटुंबाचा शोध व संस्थांची नोंदणी बंधनकारक केली.

शरणपूरच्या आफ्रिकी मुलांच्या वेळी असे कोणतेही संरक्षण नव्हते. त्यांना कोठे न्यायचे, कोणत्या धर्मात वाढवायचे, कोणत्या नावाने हाक मारायची आणि केव्हा परत पाठवायचे, हे दर वेळी दुसऱ्याने ठरवले. तरीही मिळालेली अक्षरे आणि हातातले कसब यांच्या बळावर त्यांनी स्वतःचे आयुष्य घडवले आणि इतरांच्या सुटकेला हातभार लावला. मॅथ्यू वेलिंग्टन 1935 मध्ये मोंबासात वारला, तेव्हा त्या पिढीतील शेवटच्या मोजक्या माणसांपैकी एक गेला. केनियाच्या इतिहासात या मंडळींची नोंद आहे. ती नाशिकच्या आणि महाराष्ट्राच्या इतिहासातही तितक्याच हक्काने असायला हवी.