पैजेने घडवलेले नियम

मुष्टियुद्धाचे नियम लढणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून झाले, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. लंडनच्या जॅक ब्राउटनने १७४३ मध्ये केलेले नियम मुळातून वाचले, तेव्हा ती डळमळली.

नियम अवघे सात. पडलेल्याला मारू नये, हे त्यांत आहेच. पण बाकीची कलमे पाहा. पडलेला गडी अर्ध्या मिनिटात आखलेल्या रेघेवर आला नाही, तर तो हरला. वाद झाल्यास जमलेल्या प्रतिष्ठितांतून निवडलेले दोन पंच निवाडा देतील. त्यांचे एकमत न झाल्यास तिसरा. दुय्यम लढतींत जिंकणाऱ्याला दोन तृतीयांश पैसे, आणि आतून काहीही ठरलेले असो, वाटणी मंचावर सर्वांसमक्ष.

आपल्या निकाली कुस्तीत गडी चितपट झाला की निकाल सर्वांना दिसतो. उघड्या मुठींच्या लढतीत असे काही नव्हते. हार नेमकी केव्हा झाली हे ठरल्याशिवाय पैजेचे पैसे कोणाचे, हे कसे ठरणार? ब्राउटनने हातमोजेही आणले, पण ते शिकायला येणाऱ्या श्रीमंतांचे चेहरे जपण्यासाठी. पैशाच्या लढती उघड्या मुठींनीच होत राहिल्या.

१७५० मध्ये जॅक स्लॅकच्या ठोशाने खुद्द ब्राउटनचे डोळे सुजून मिटले आणि चौदा मिनिटांत तो हरला. त्याचा आश्रयदाता ड्यूक ऑफ कंबरलंड या लढतीत दहा हजार पौंड हरला, असे सांगतात. त्याने ब्राउटनकडे पाठ फिरवली.

पुढे १८४५ च्या कायद्याने इंग्लंडात पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करणे बंद झाले. तोच विचार आपल्याकडे १८४८ च्या कायद्यातून आला आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० मध्ये आजही आहे. पैशाबाबत कायदा असा आधीच बोलला. प्रेक्षकांसमोर ठरवून केलेल्या अशा मारामारीत लढणाऱ्यांची संमती हा बचाव होत नाही, हे इंग्लंडच्या न्यायालयाने स्पष्ट केले ते १८८२ मध्ये.

या दोन तारखांच्या मध्ये, १८६० साली, फार्नबरो येथे टॉम सेयर्स आणि अमेरिकेचा जॉन हीनन लढले. दोन्ही बाजूंनी दोनशे पौंड लावलेले. सेयर्सचा उजवा हात सुरुवातीलाच निकामी झाला, हीननचे डोळे मिटत आले. तरी लढत दोन तासांवर चालली. शेवटी गर्दी दोरांच्या आत घुसली आणि सामना बरोबरीत सुटला.

नंतर लोकांनी सेयर्ससाठी सुमारे तीन हजार पौंड जमवले. अट एकच, त्याने पुन्हा लढू नये. त्याने ती पाळली. १८६५ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचे वय ३९ होते. दोन्ही बाजूंच्या पैशांसाठी नियमांची पाने भरली. त्याच्या देहासाठी एवढी एक अट, तीही लढत संपल्यावर.