सैनिकांसाठी ओव्हरड्राफ्टची सोय

मुरार छावणीत वा महाराजपूर हवाई तळावर नोकरीस असलेल्या आपल्या मंडळींना पगाराच्या खात्यावर, बँकेच्या नियमांनुसार, ओव्हरड्राफ्टची मर्यादा मागता येते. व्याज फक्त उचललेल्या रकमेवर आणि तितक्याच दिवसांचे लागते. मर्यादा ३ लाख, उचल ५०,००० आणि दर १२ टक्के धरल्यास ३० दिवसांचे व्याज सुमारे ४९३ रुपये होते.

मात्र आम्ही सुचवतो, आधी भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम मिळतो का ते पाहावे. अधिकाऱ्यांसाठी डीएसओपी, तर जेसीओ व जवानांसाठी एएफपीपी निधी असतो. ती आपलीच बचत. तिच्यावर कर्जाचे व्याज नाही.

उचल निवृत्तीपूर्वीच फेडावी. पगार थांबला तरी व्याज थांबत नाही आणि पेन्शनमधून हप्ते भरणे घराला जड जाते.