तळटीप १७ : ‘तुंबाड’मधली आजी

१७. ‘तुंबाड’ (२०१८, दिग्दर्शक राही अनिल बर्वे). या शापित आजीच्या मेकअपखाली मोहम्मद समद हा बालकलाकार आहे. नायक विनायकचा मुलगा पांडुरंगही त्यानेच रंगवला. असे काम एका सबंध मुखवट्यावर भागत नाही. नटाच्या चेहऱ्याचा साचा घेतात, त्यावरून काढलेल्या प्रतिकृतीवर मातीत सुरकुत्या, फोड घडवतात आणि मग सिलिकॉन किंवा फोम लेटेक्सचे तुकडे ओतून ते चेहऱ्यावर चिकटवतात. खरी कसोटी कडांची. कड जाड राहिली की कॅमेरा जवळ येताच सांधा उघडा पडतो. मग वरून कितीही रंग चोपडा. आणि तुकडा गालाबरोबर हलला नाही तर प्रेक्षक घाबरण्याऐवजी हसतो. मरणकळा आलेली काया कशी दिसते, हे पाहायला आमच्या छत्रपती संभाजीनगरकरांना लांब जायला नको: वेरूळच्या १५व्या लेण्यात भैरवापाशी अस्थिपंजर काली आहे, फासळ्या मोजून घ्याव्यात. रक्ताचे त्या मानाने सोपे. कृष्णधवल ‘सायको’त (१९६०) चॉकलेट सिरपवर निभावले. ‘तुंबाड’मध्ये संगणकाचीही मदत आहे, पण आजीचा चेहरा हातचा. — संपा.