गंज सोडवणारा फवारा : उपयोग आणि मर्यादा

पालघर, बोईसर आणि तारापूर या किनारी पट्ट्यात लोखंडाला दोन शत्रू आहेत. एक चार महिन्यांचा पाऊस आणि दुसरा खारा वारा. हवेतील मिठाचे सूक्ष्म कण धातूवर बसतात, ओलावा शोषून घेतात आणि गंज वेगाने चढू लागतो. सातपाटी-चिंचणीकडच्या घरातील कड्या-बिजागऱ्या असोत वा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील नट-बोल्ट, पावसाळा सरेपर्यंत ते अडकू लागतात. अशा वेळी बहुउपयोगी वंगणाचा फवारा हाताशी घेतला जातो. मात्र त्याच्या मर्यादा ठाऊक नसल्यास फायद्यापेक्षा धोकाच अधिक.

या प्रकारातील सर्वपरिचित 'डब्ल्यूडी-४०' हे द्रव्य १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील रॉकेट केमिकल कंपनीने तयार केले. नावातील अक्षरांचा अर्थ 'पाणी दूर सारणे' आणि ४० हा यशस्वी ठरलेल्या प्रयत्नाचा क्रमांक. 'ॲटलस' क्षेपणास्त्राच्या बाह्य आवरणाला गंजापासून वाचवण्यासाठी त्याचा वापर झाला. १९५८ मध्ये ते फवाऱ्याच्या डब्यातून दुकानांत आले.

अशा फवाऱ्यात मुख्यतः द्रावक आणि पातळ तेल असते. द्रव फटींत शिरतो, पाणी हटवतो आणि गंज सैल करतो. पुढे द्रावक उडून जातो व तेलाचा पातळ थर तेवढा उरतो. त्यामुळे सतत फिरणाऱ्या वा भार पेलणाऱ्या भागांना तो पुरत नाही.

वापरण्याची पद्धत

धातूवर मीठ साचले असल्यास ते आधी गोड्या पाण्याने पुसून भाग कोरडा करावा. अडकलेल्या नटावरील गंज तारेच्या ब्रशने काढून फवारा मारावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, हलकेच ठोकून मग पाना लावावा. नट सुटल्यावर आट्यांना ग्रीस लावावे. बिजागरीवर फवारल्यानंतर काळा मळ पुसून मशीन ऑइलचे थेंब सोडावेत. सायकलची साखळी फवाऱ्याने साफ करता येते, पण नंतर तिला साखळीचेच तेल हवे. कुलपात तेलकट थरावर धूळ चिकटते. तेथे ग्रॅफाइटची पूड बरी. शिलाई मशीनला तिचेच तेल द्यावे.

येथे वापर टाळावा

गॅसच्या शेगडीचे बटण जड फिरते म्हणून त्यावर फवारा मारणे अत्यंत धोक्याचे आहे. आतील कॉकला उष्णता सोसणारे खास ग्रीस असते. द्रावकाने ते धुऊन निघाल्यास गॅसगळती होऊ शकते. हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे. वर्कशॉपमध्ये ऑक्सिजन सिलिंडरच्या झडपेला वा रेग्युलेटरला तेलाचा स्पर्शही होता कामा नये. दाबाखालील ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेते. वाहनांच्या ब्रेकवर थेंबही पडू देऊ नये. नैसर्गिक रबराचे भाग याने फुगतात.

फवारा ज्वालाग्राही असतो. त्यामुळे देवघरातील दिवा, शेगडी, वेल्डिंग यांपासून तो दूर ठेवावा. विजेच्या उपकरणांवर मुख्य स्विच बंद करूनच फवारावे आणि पूर्ण सुकल्यावर वीज सुरू करावी. डबा ५० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापू देऊ नये; उन्हात उभ्या मोटारीत तो राहू नये. लहान मुलाने द्रव गिळल्यास उलटी करवू नये. द्रव फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून तातडीने रुग्णालय गाठावे.

किनाऱ्यालगतच्या घरांनी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर कड्या, बिजागऱ्या व शटर साफ करून त्यांना तेल-ग्रीस दिले, तर या फवाऱ्याची गरजच कमी भासेल.