पायाखालचं सागवान

आज पालघरमध्ये बोलतोय, म्हणून विषयही इथलाच घेतलाय. घराची जमीन. शेतजमीन नव्हे, घरात आपण जिच्यावर उठतो-बसतो ती. त्यातही लाकडी जमीन. मी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, सुतारकाम कधी केलं नाही. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरलो.

प्रश्न असा होता. तारापूरच्या शेजारी चिंचणीला आमचं जुनं घर आहे. त्याची माडी उतरवायची ठरली. माडीची जमीन सागाच्या फळ्यांची, दीड इंच जाड. जुनं लाकूड घेणारा व्यापारी दारात येऊन बसला, म्हणाला, ‘सगळं एकदम उचलतो, आजच पैसे देतो.’ आणि त्याच आठवड्यात बोईसरला मुलाच्या फ्लॅटमध्ये ‘वुडन फ्लोरिंग’ घालायचं चाललं होतं. म्हणजे एका घरातून खरं लाकूड बाहेर चाललेलं आणि दुसऱ्या घरात लाकडाचं चित्र आत येत होतं.

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडे तळमजल्याची जमीन मातीची असायची. मुरूम घालायचा, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायचं आणि शेणाने सारवायचं. लाकूड यायचं ते वरच्या मजल्याला. बहालावर कड्या, कड्यांवर पाट, म्हणून कडीपाट. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. ‘दोन खणी खोली’ हा शब्द तिथूनच आलाय. पुष्कळ वाड्यांत या पाटांवर पुन्हा मातीचा किंवा चुन्याचा थर देत. म्हणजे चालायचं मातीवर आणि लाकूड दिसायचं खालच्या माणसाला, छत म्हणून. उघड्या फळ्यांवर चालणं कोकणपट्टीच्या माड्यांत होतं आणि मुंबईच्या जुन्या इमारतींत होतं.

हे लाकूड यायचं कुठून? साग तयार व्हायला साठ-ऐंशी वर्षं लागतात. लावणारा एक, तोडणारा दुसरा, वापरणारा तिसरा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५-१६च्या सुमारास, आरमारासाठी लाकूड कसं आणावं याच्या सूचना आहेत. स्वराज्यातला साग परवानगीने तोडावा, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावं. माझ्या दृष्टीने यातला महत्त्वाचा मुद्दा असा, की लाकडाच्या किमतीत त्यामागचा काळ आणि माणूस दोन्ही धरलेत.

पुढे काय झालं? १८६३ साली मुंबईत ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. धंदा ब्रह्मदेशच्या सागाचा. ओंडके मोजण्यावरून आणि कर भरण्यावरून तिथल्या राजाशी वाद झाला, सुमारे २३ लाख रुपयांचा दंड लागला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. १८८५ साली युद्ध झालं, राज्य बुडालं आणि थिबा राजा कैदी होऊन आपल्या रत्नागिरीत आला. १९१६ साली तिथेच वारला. आपण थिबा पॅलेस बघायला जातो. पण मुंबईच्या जिन्यांत, जमिनींत आलेला ‘बर्मा टीक’ आणि तो राजा एकाच गोष्टीचे भाग आहेत, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

आणि आपला जिल्हा? तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा. १८७८च्या कायद्याने जंगलं राखीव झाली. ज्याच्या अंगणापर्यंत जंगल होतं, तो वारली एका फांदीसाठी गुन्हेगार ठरू लागला. तोच माणूस सावकार-जमीनदाराकडे वेठीवर आणि ठेकेदाराकडे लाकूडतोडीला. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव झाला. पुढच्या वर्षी गवत कापणीच्या आणि जंगलातल्या कामाच्या मजुरीसाठी संप झाला. जंगलातल्या कामाला मागणी किती? दिवसाला सव्वा रुपया.

आता माझ्या माडीकडे येतो. आजोबांनी ती १९३१ साली चढवली. त्यांची खर्चाची वही आमच्याकडे आहे. मनोरच्या वखारीतून साग, त्याचे पैसे. गाडीभाडं. सुताराची मजुरी. खिळे. अळशीचं तेल. सुताराला दिलेल्या नारळाचीही नोंद आहे. ज्यांनी ते झाड तोडलं, ओंडके रानातून ओढून आणले, त्यांची ओळ नाही. आजोबा वाईट नव्हते. त्यांच्या हिशेबात ती ओळ येण्याची सोयच नव्हती. वखारीपलीकडे काय चालतं, हे गिऱ्हाइकाला दिसत नसे. आज शोरूमपलीकडचं आपल्याला दिसतं का?

म्हणून मी व्यापाऱ्याला परत पाठवलं. फळ्या बोईसरला न्यायच्या ठरवल्या. मुलगा म्हणाला, ‘बाबा, खर्च नव्याइतकाच येईल.’ खरं होतं ते. त्यात पहिली चूकही माझीच. सुतार नको म्हणत असताना मे महिन्यात, फळ्या कोरड्या ठणठणीत असताना, भिंतीला घट्ट भिडवून बसवायला लावल्या. जुलैमध्ये हवेतलं पाणी पिऊन लाकूड फुगलं आणि खोलीच्या मध्यभागी जमीन उचलली गेली. सगळं उखडून परत केलं.

तेव्हा जे शिकलो ते सांगतो, तुमच्या उपयोगी पडेल. समुद्रकाठच्या आपल्या हवेत फळ्या त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, दोन-तीन आठवडे पडू द्याव्यात. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बसवाव्यात. भिंतीकडे साधारण अर्धा इंच जागा सोडावी. ती पट्टीखाली झाकली जाते. खालचा स्लॅब कोरडा हवा, कुठे ओल असेल तर आधी ती काढा. जुन्या फळीतले खिळे लोहचुंबक फिरवून शोधा, नाहीतर घासायच्या यंत्राचं वाटोळं होतं. सागाचा आतला गाभा घ्यावा, त्यातल्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही. कडेच्या पांढुरक्या भागाला मात्र लागते.

निवड करताना दुकानदाराला एकच विचारा: ही जमीन पुन्हा घासता येईल का? अख्खी जाड फळी अनेकदा घासता येते. वर खऱ्या लाकडाचा तीन-चार मिलिमीटरचा थर असलेली एखाद-दोनदा. लॅमिनेट कधीच नाही, कारण वरचं लाकूड म्हणजे छापलेला कागद असतो. लॅमिनेट वाईट असं मी म्हणत नाही, स्वस्त आहे, ज्याला परवडतं ते त्याने घ्यावं. फक्त ते दुरुस्त होत नाही, फेकावं लागतं, हे माहीत असू द्या.

वरच्या लेपाचंही तेच. पॉलियुरेथेनचं पॉलिश टणक, पाण्याला दाद देत नाही. पण खोल ओरखडा गेला की बहुधा सगळी खोली घासावी लागते. तेल लवकर उतरतं, पण जिथे उतरलं तेवढ्याच जागी पुन्हा लावता येतं. आम्ही अळशीचंच लावलं. एक सावधगिरी: तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. रोजची निगा सोपी आहे. या जमिनीची खरी वैरीण पायाबरोबर येणारी रेती. चपला दाराबाहेर काढण्याची आपली पद्धत इथे कामाला येते. केरसुणी रोज, फडका घट्ट पिळलेला. बादलीभर पाणी ओतून पोतेरं फिरवायचं नाही.

घासल्यावर फळ्यांचा ९० वर्षांचा काळा थर गेला आणि आतला मधासारखा रंग वर आला. नातीने विचारलं, ‘आजोबा, हे झाड कुणी तोडलं?’ मी वही आणली, पानं दाखवली. नाव नाही, हेही दाखवलं. मग आम्ही त्याच वहीत, शेवटच्या पानावर, या खेपेचा हिशेब लिहिला. दोन्ही सुतारांची नावं, फळ्या तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्या चार हमालांची नावं, प्रत्येकाला दिलेली मजुरी. वरच्या ओळी आता कुणालाच भरता येणार नाहीत. खालच्या तरी रिकाम्या राहायला नकोत.

मी थांबतो. तुमच्या घरातल्या माड्यांबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर आता ऐकायला आवडेल.